घरात फोन एकच असतो तेव्हा

कोकणातील पुष्कळ घरांची आजची घडी अशी असते: वडील मुंबईला किंवा पुण्याला नोकरीत, आई घर, गुरे आणि बाग पाहणारी, आजी-आजोबा, शाळेत जाणारी एक-दोन मुले, आणि या सर्वांत मिळून एक स्मार्टफोन. मुलांच्या ऑनलाइन सुरक्षिततेविषयी जे लिहिले जाते, त्यातील बहुतेक भाग मात्र वेगळेच घर डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेला असतो. त्या घरात प्रत्येक मुलाकडे स्वतःचा फोन असतो, संध्याकाळी आईवडील दोघेही त्याच्याजवळ असतात आणि रेंज कधी जात नाही. तो सल्ला चुकीचा नसला तरी मंडणगड किंवा वैभववाडीकडच्या वाडीत तो अर्धाच लागू पडतो. मूल दिवसातून किती वेळ फोन पाहते हा प्रश्न महत्त्वाचा आहेच. परंतु त्याआधी फोन दिवसभर कोणाच्या हातात असतो, त्यातील खाते कोणाचे, बँकेशी जोडलेला नंबर कोणाचा आणि पिन कोणाकोणाला ठाऊक आहे, एवढे स्पष्ट झाल्याशिवाय पुढची कोणतीही व्यवस्था टिकत नाही.

ही व्यवस्था मुंबईहून सूचना देऊन होत नाही. त्यासाठी सर्वांनी एकत्र बसावे लागते, आणि ती संधी वर्षातून दोनदा हमखास मिळते: मे महिन्यात आणि गणपतीत. चाकरमानी घरी आलेले असताना एक दुपार यासाठी काढावी. शाळेचा भाग शिक्षकांनी जूनच्या पहिल्या पालक सभेत घ्यावा.

मुंबईहून आलेला जुना फोन

घरातील फोन अनेकदा नवा नसतो. मुलाने मुंबईत नवा घेतला की जुना गावी येतो, आणि त्यात त्याचे जीमेल खाते, कार्यालयाचे ग्रुप, प्ले स्टोअरला जोडलेले कार्ड आणि दरमहा आपोआप पैसे वळते करणारी एखादी परवानगी तशीच राहिलेली असते. मग नातवाने खेळात काही विकत घेतले तर पैसे मुंबईत कापले जातात आणि नातीने काढलेले फोटो वडिलांच्या खात्यात जाऊन साठतात. म्हणून फोन देण्यापूर्वी आपले फोटो आणि कागदपत्रे काढून घ्यावीत, सेटिंगमधून आपले खाते काढून टाकावे आणि त्यानंतर सेटिंगमधूनच फॅक्टरी रीसेट करावे, म्हणजे फोन पूर्ण पुसून कोरा करावा. खाते न काढता फोन पुसण्याचा प्रयत्न केला तर तो जुन्या खात्याचा पासवर्ड मागत अडून बसू शकतो, आणि तोवर मुलगा कोकणकन्येत बसून परत निघालेला असतो.

फोन नव्याने सुरू करताना जो माणूस गावी तो प्रत्यक्ष सांभाळणार आहे त्याच्या नावाचे, म्हणजे बहुधा आईचे किंवा आजोबांचे, खाते उघडावे. पासवर्ड विसरल्यास मदतीसाठी मात्र बाहेर असलेल्या विश्वासू माणसाचा नंबर द्यावा. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश ही बटणे दाबल्यावर दिसणारा १५ आकडी आयएमईआय क्रमांक कागदावर उतरवून ठेवावा, कारण फोन हरवला तर दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर तो बंद करण्याची विनंती त्याच क्रमांकावरून करता येते. आपल्या नावावर किती सिमकार्डे चालू आहेत, हेही तेथे पाहता येते. वाडीतल्या कोणी तरी ‘तुमच्या कागदांवर एक सिम काढून देतो’ असे कधी म्हटले असेल, तर ते अवश्य पाहावे.

मुलाच्या हातात फोन देण्यापूर्वी

एकाच फोनवर सर्वांचे सर्व काही असल्याने मुलाने अभ्यासाचा व्हिडिओ पाहताना आजोबांचे बँकेचे ॲप किंवा आईचे संदेश उघडणे हा केवळ एका बोटाचा खेळ असतो. त्यावर साधा उपाय बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये आधीपासून आहे. सेटिंगमधील सुरक्षेच्या विभागात ‘ॲप पिनिंग’ नावाची सोय असते. ती सुरू करून, बाहेर पडताना पिन मागण्याचा पर्यायही निवडला, की ज्या ॲपवर फोन खिळवून दिला आहे त्यातून मुलाला पिनशिवाय बाहेर जाता येत नाही. पुस्तकाची पीडीएफ किंवा एखादे शैक्षणिक ॲप खिळवून फोन द्यावा आणि काम झाले की परत घ्यावा. मुलाच्या फोनवर पालकांना दुरून लक्ष ठेवू देणाऱ्या गुगलच्या फॅमिली लिंक या ॲपची शिफारस सर्वत्र केली जाते, परंतु ते मुलाचे स्वतंत्र खाते आणि स्वतंत्र फोन असेल तेव्हाच नीट चालते. सामायिक फोनवर त्याचा फारसा उपयोग नाही. मुलगी अकरावीसाठी चिपळूणला किंवा कणकवलीला जाऊ लागली आणि तिच्यासाठी वेगळा फोन घेतला तर मात्र ते उपयोगी पडते, कारण नवे ॲप घ्यायचे की नाही याची परवानगी वडील मुंबईत बसूनही देऊ शकतात. अर्थात हे लावताना तिला सांगून, तिच्यासमोर लावावे. चोरून लावलेली पाळत मुलांना कळतेच.

लहान मुलांसाठी मोठ्यांच्या यूट्यूबऐवजी यूट्यूब किड्स ठेवावे आणि त्यातही ‘पालकांनी मंजूर केलेलेच’ दिसावे असा पर्याय निवडावा. त्याच्या पालक विभागाचे कुलूप मूळ स्थितीत एक गुणाकार विचारते; आपल्याकडे चौथीच्या मुलाचे पाढे आजोबांनी पक्के करून घेतलेले असतात, तेव्हा ते बदलून स्वतःचा आकडा घालावा. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागितला जाईल असे ठरवावे आणि यूपीआय ॲपमधील ऑटोपेची, म्हणजे आपोआप पैसे वळते करण्याच्या परवानग्यांची, यादी एकदा उघडून पाहावी.

वेळेविषयी थोडक्यात सांगता येईल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार दोन वर्षांखालील मुलांना पडद्यासमोर बसवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासापेक्षा अधिक वेळ दाखवू नये. घरात आजी आहे, अंगण आहे, शेजारी चार मुले आहेत, तेथे हे शहरापेक्षा सोपे आहे. अडचण जेवणाच्या वेळी येते, कारण फोन समोर धरला की मूल पटकन जेवते. ही सवय लागली नसेल तर लावू नये आणि लागली असेल तर सुटीत, घरात माणसे असताना, मोडावी.

ओटीपी वाचून दाखवण्याची सवय

या घरांतील सर्वांत कमकुवत जागा, माझ्या मते, एका निरागस सवयीत आहे. गॅसची नोंदणी, रेल्वेचे तिकीट, निवृत्तिवेतनाचे काम, सर्व काही मुलगा मुंबईहून करतो आणि मध्येच फोन करून म्हणतो, ‘बाबा, आत्ता एक नंबर आला असेल, तेवढा वाचून सांगा.’ आजोबांना बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून नात वाचते. असे वर्षानुवर्षे चालल्यावर एखाद्या दिवशी ‘बँकेतून बोलतोय’ म्हणणारा अनोळखी आवाज तेच वाक्य उच्चारतो, आणि तितक्याच आज्ञाधारकपणे आकडे वाचून दाखवले जातात. ‘ओटीपी कोणालाही सांगू नका’ ही सूचना अशा घरात पाळली जाणे शक्य नाही, कारण घरातल्या माणसाला तो सांगावाच लागतो. आणि जी सूचना दर आठवड्याला मोडावी लागते तिचा धाक उरत नाही.

त्याऐवजी पाळता येईल असा नियम करावा. आकडे मागणारा फोन आला, मग तो कोणाचाही असो, तर तो ठेवून द्यावा. नंतर आपण स्वतः, फोनमध्ये जतन केलेल्या मुलाच्या नंबरवर फोन लावावा आणि त्या फोनवरच आकडे सांगावेत. आवाज हुबेहूब मुलाचा वाटला तरी हाच नियम, कारण आता यंत्राने आवाजाची नक्कल करणे अवघड राहिलेले नाही. घरच्यांनाच ठाऊक असलेला एखादा खुणेचा शब्द, गेलेल्या गाईचे नाव किंवा बागेतल्या एखाद्या कलमाचे घरगुती नाव, ठरवून ठेवला तर आणखी चांगले. दुसरी गोष्ट म्हणजे आकडे वाचण्यापूर्वी संपूर्ण संदेश वाचावा. तो बहुधा इंग्रजीत असतो आणि त्यात हा ओटीपी कशासाठी आहे, पैशांचा व्यवहार असल्यास रक्कम किती, हे लिहिलेले असते. आठवीतल्या मुलीला ते वाचून आजोबांना मराठीत सांगता येते, आणि घरातील आर्थिक सुरक्षिततेत मुलांना देता येण्याजोगे हे सर्वांत उपयुक्त काम आहे. व्हॉट्सॲपचे खाते सुरू करताना येणारा सहा आकडी संकेत मात्र मुंबईतल्या मुलालाही सांगू नये. तेथे दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करून वेगळा पिन घालून ठेवावा.

यूपीआयसाठी घरखर्चापुरती रक्कम राहील असे वेगळे खाते वापरावे आणि निवृत्तिवेतनाचे किंवा आंब्याच्या हंगामाचे पैसे ज्या खात्यात येतात ते यूपीआयला जोडू नये. पिनची चिठ्ठी फोनच्या कव्हरमध्ये ठेवण्याची पद्धत आहे, ती बंद करावी. ज्यांच्या घरी पर्यटकांसाठी खोल्या आहेत किंवा हापूसच्या पेट्या विकल्या जातात, तेथे चौकशीचे फोन आणि संदेश बहुधा कॉलेजातला मुलगाच सांभाळतो. ‘मी सैन्यात अधिकारी आहे, चार खोल्या हव्यात, आगाऊ रक्कम पाठवतो, तेवढा हा क्यूआर कोड स्कॅन करा’ असे सांगणारी फसवणूक त्याला माहीत असलीच पाहिजे. पैसे घेण्यासाठी कधीही पिन घालावा लागत नाही. पिन मागितला गेला म्हणजे पैसे आपल्याकडून जाणार आहेत. पैसे भरल्याचा फोटो समोरच्याने पाठवला तरी आपल्या खात्यात रक्कम दिसल्याशिवाय पेट्या एसटीत चढवू नयेत.

मे महिन्यात लग्नपत्रिका व्हॉट्सॲपवर येतात, आणि पत्रिकेच्या नावाने फोनचा ताबा घेणारी फाइलही येते. पत्रिका चित्र, व्हिडिओ किंवा पीडीएफ असते. नावाच्या शेवटी ‘एपीके’ असेल तर ते ॲप आहे, आणि ओळखीच्या नंबरवरून आले तरी उघडू नये, कारण त्या ओळखीच्या माणसाचा फोन आधीच गेलेला असू शकतो. सेटिंगमध्ये व्हॉट्सॲप आणि ब्राउझर यांना अनोळखी ॲप बसवण्याची परवानगी दिलेली असल्यास काढून घ्यावी. पोलीस असल्याचे भासवून व्हिडिओ कॉलवर ‘तुम्हाला अटक झाली आहे’ असे धमकावणारे फोन येतात; ‘डिजिटल अटक’ असा कोणताही प्रकार भारतीय कायद्यात नाही, हे आजी-आजोबांना एकदा समजावून सांगावे. व्हिडिओवर गणवेशातला माणूस दिसला की जुन्या पिढीला फोन ठेवणे उद्धटपणाचे वाटते, म्हणून तो ठेवून देण्यात काही गैर नाही असे मुलानेच स्पष्ट म्हणावे.

एवढे करूनही पैसे गेलेच, तर प्रथम १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर फोन करावा आणि लगेच बँकेला कळवावे. पैसे पुढच्या खात्यांत फिरण्याआधी तक्रार पोहोचली तर ते गोठवता येण्याची शक्यता असते, म्हणून मुलगा रात्री कामावरून परतेपर्यंत थांबू नये. व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि रक्कम हाताशी ठेवावी. घरच्यांनी या वेळी रागावू नये. रागाच्या भीतीने आजोबा दोन दिवस गप्प बसले, तर तेवढ्यात सर्व संपलेले असते.

शाळेचा ग्रुप

शिक्षकांनी सर्वांत आधी पाहावे ते म्हणजे ग्रुपमध्ये असलेला नंबर कोणाचा आहे. प्रवेशाच्या अर्जावर वडिलांचा नंबर असतो, वडील विरारला असतात, आणि गृहपाठाची सूचना त्यांना पाळी संपल्यावर दिसून ती रात्री दहाला गावी पोहोचते. वर्षारंभी प्रत्येक मुलामागे ‘संध्याकाळी मुलाजवळ असणाऱ्या माणसाचा’ नंबर वेगळा विचारून घ्यावा. तो मामाचा किंवा शेजारच्या काकूंचा निघेल, तर ते पालकांच्या संमतीने नोंदवावे आणि त्या नंबरवर मुलाची खासगी माहिती पाठवू नये.

ग्रुपवर केवळ ॲडमिनला लिहिता येईल असे ठरवले की सुप्रभाताचे संदेश आणि अफवा दोन्ही थांबतात. याहून गंभीर बाब कागदपत्रांची आहे. शिष्यवृत्ती किंवा ऑनलाइन नोंदणी आली की ‘सर्वांनी आधार आणि पासबुकचा फोटो ग्रुपवर टाकावा’ अशी सूचना सहज जाते, आणि वाडीतल्या प्रत्येक मुलाचा आधार क्रमांक, जन्मतारीख आणि खाते क्रमांक पन्नास अनोळखी फोनमध्ये साठून राहतो. पोर्टलची मुदत आणि कार्यालयाचा तगादा शिक्षकांना चुकत नाही हे खरे. तरीही छायाप्रत शाळेत मागवून तेथेच माहिती भरावी, फोटो घ्यावाच लागला तर एकेका पालकाकडून स्वतंत्र घ्यावा आणि काम होताच पुसून टाकावा. पूर्ण क्रमांक लागत नसेल तेथे पहिले आठ आकडे झाकलेले मास्क्ड आधार चालते. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्तीला बालक मानले आहे आणि त्याच्या माहितीच्या वापरासाठी पालकांच्या पडताळण्याजोग्या संमतीचे तत्त्व घातले आहे, तेव्हा वर्षारंभी एक लेखी संमतिपत्र घेऊन ठेवणे शाळेच्याही हिताचे आहे.

दोन शिक्षकी शाळेत कार्यालय, छायाचित्रकार आणि संगणक कक्ष, सर्व काही शिक्षकाच्या स्वतःच्या फोनमध्ये असते. मुलांचे फोटो त्याच्या घरगुती खात्यात साठत जाऊ नयेत यासाठी शाळेच्या नावाचे वेगळे खाते काढावे. स्नेहसंमेलनाचे फोटो पालकांच्या ग्रुपपुरते ठेवावेत. मुलाचे नाव, शाळेचा फलक आणि ठिकाण एकत्र दिसणारा फोटो सार्वजनिक पानावर टाकू नये. विद्यार्थ्याशी खासगी संदेशातून बोलणे टाळावे. सांगायचे ते ग्रुपवर किंवा पालकांच्या नंबरवर सांगावे, ही शिस्त मुलींना जितकी सुरक्षित ठेवते तितकीच शिक्षकालाही ठेवते.

गृहपाठ असा असावा की फोन नसला तरी तो पूर्ण व्हावा. केंद्र सरकारच्या जुलै २०२० मधील ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शक सूचनांत पहिली ते आठवीसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची दोनपेक्षा अधिक ऑनलाइन सत्रे नकोत आणि नववी ते बारावीसाठी चारपेक्षा अधिक नकोत असे म्हटले होते. ती मर्यादा टाळेबंदीच्या काळातली असली तरी आजही मोजपट्टी म्हणून चालेल. जेथे रेंज फक्त टेकाडावर येते, तेथे आधी उतरवून ठेवण्यावर भर द्यावा. बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ विनामूल्य मिळतात, आणि पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडमधून उघडणारे ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक मंचावरील साहित्यही ॲपमध्ये उतरवून नंतर नेटशिवाय पाहता येते. तालुक्याच्या ठिकाणी बैठकीला गेल्यावर शिक्षकाने आठवड्याचे साहित्य उतरवून आणले, तर मुलांना संध्याकाळी फोन घेऊन रस्त्याच्या वळणावर बसावे लागत नाही.

आठवी-नववीनंतरची मुले

या वयात मुले इन्स्टाग्रामवर येतात, आणि घरात कोणालाच ते वापरता येत नसल्याने प्रश्न विचारायलाही कोणी नसते. खाते खासगी ठेवणे, अनोळखी विनंती न स्वीकारणे आणि शाळेचे नाव परिचयात न लिहिणे, एवढे तरी मावस किंवा चुलत भावंडांपैकी कोणी सुटीत दाखवून द्यावे. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला आहे. तरीही त्यांच्या लिंक फिरत राहतात.

सर्वांत कठीण प्रसंग फोटोवरून धमकावले जाण्याचा असतो. कोणी मुलीचा किंवा मुलाचा खासगी अथवा बनावट फोटो दाखवून पैसे किंवा आणखी फोटो मागत असेल, तर काहीही देऊ नये, कारण दिल्याने मागणी थांबत नाही. संभाषण पुसू नये. खात्याचे नाव, नंबर आणि संदेश यांची नोंद ठेवावी; मूळ फोटो मात्र कोणीही, पुरावा म्हणूनसुद्धा, स्वतःच्या फोनवर घेऊ नये किंवा शिक्षकांच्या ग्रुपवर टाकू नये, कारण बालकाचे असे चित्र पुढे पाठवणे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब खाली गुन्हा ठरतो. १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी आहे, आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला व बालकांविषयीच्या अशा तक्रारी नाव न देताही करता येतात. १८ वर्षांखालील मुलांचे असे चित्र समाजमाध्यमांवरून हटवण्यासाठी ‘टेक इट डाउन’ ही विनामूल्य सेवा आहे. तीत चित्र फोनबाहेर न पाठवता केवळ त्याचा सांकेतिक ठसा नोंदवला जातो.

कोकणात ही प्रकरणे दाबली जातात ती ‘गावात कळेल’ या एका भीतीने. म्हणून कायद्यातील पुढील तरतुदी मुख्याध्यापकांना आणि पोलीस पाटलांना पाठ असाव्यात. बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार बालकाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याने निवडलेल्या ठिकाणी घ्यायचा असतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेश न घालता. बालकाला रात्री ठाण्यात थांबवून ठेवता येत नाही, आणि त्याची ओळख प्रसिद्ध करणे हा गुन्हा आहे. म्हणजे जीप दारात उभी राहील आणि सारी वाडी जमेल, असे होऊ न देण्याची मागणी कुटुंबाला हक्काने करता येते.

पावसाळ्यातील फोन

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले तेव्हा दापोली-मंडणगडपर्यंतच्या गावांत वीज आणि मोबाईल दोन्ही अनेक दिवस बंद होते. जून ते सप्टेंबर या काळात घरातील एकमेव फोन हे आपत्तीचे साधनही असते, म्हणून हवामान खात्याने रेड अलर्ट दिला असेल त्या रात्री त्यावर व्हिडिओ पाहणे बंद ठेवावे, फोन पूर्ण चार्ज करावा आणि जवळ पॉवर बँक असल्यास तीही भरून ठेवावी. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे ‘सचेत’ आणि विजांची सूचना देणारे ‘दामिनी’ ही ॲप उतरवून ठेवावीत, आणि मोठ्याने वाजणारा आपत्ती इशारा त्रास होतो म्हणून सेटिंगमधून बंद केलेला नाही ना, हे पाहावे. ११२, १९३० आणि १०९८ हे तीन क्रमांक, मुंबईतल्या मुलाचा, शाळेचा, पोलीस पाटलांचा आणि वायरमनचा नंबर जाड अक्षरांत कागदावर लिहून, तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून दाराच्या आतील बाजूस लावावा. नंबर बदलले असतील तर पुढच्या मे महिन्यात तो कागद नवा लिहावा.